एका दिवशी एकच दुखणं

मोराव्हा नदीवरून धुकं चढलं की स्लोव्हाकियाच्या सीमेवरच्या बोरोवा गावात आधी चर्चचा मनोरा नाहीसा व्हायचा, मग रस्ता, मग शेजाऱ्यांची घरं. शेवटी उरायचं ते वाव्रोचं अंगण, त्यातलं अक्रोडाचं झाड आणि झाडाखाली म्हाताऱ्याच्या बुटांवर बूड टेकून बसलेलं एक राखाडी पिल्लू. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी जगात एवढंच आहे असं वाव्रोला वाटे, आणि खरं सांगायचं तर एवढंच असावं असंही वाटे.

तिथेच सगळं बिघडलं होतं, कारण ते पिल्लू त्याचं नव्हतं.

वाव्रो त्र्याहत्तर वर्षांचा. गेली चाळीस वर्षं तो व्हल्चाक वाढवत आला होता. व्हल्चाक म्हणजे तसा कुत्राच, पण त्याच्या घराण्यात फार मागे कधीतरी डोंगरातला लांडगा आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. डोळे पिवळे, चाल लांब आणि पावलांचा आवाज नाही. स्वभाव असा की दारात परका आला तर भुंकायच्या ऐवजी दिसेनासं व्हायचं, आणि एकदा ज्याला आपलं म्हटलं त्याच्यावाचून अन्नाला तोंड लावायचं नाही. असली कुत्री कुणाच्याही हातात द्यायची नसतात. वाव्रोने आजवर जेवढ्यांना पिल्लं दिली त्याच्या तिप्पट लोकांना हात हलवत परत पाठवलं होतं. 'दिवाणखान्यात लांडगा शोभून दिसेल' म्हणणाऱ्या एका शहरी माणसाला तर त्याने चहासुद्धा विचारला नव्हता.

त्या मुलखात एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षराने ठेवतात. पहिल्या वेताला पहिलं अक्षर, दुसऱ्याला दुसरं. वाव्रोच्या घरी या उन्हाळ्यात निवा नावाची कुत्री व्याली तेव्हा तिथल्या वर्णमालेतलं शेवटचं अक्षर, 'झ'चं, आलं होतं. "अक्षरं संपली, आता मीपण थांबतो," असं त्याने जाहीर करून टाकलं. पाच पिल्लं झाली. चार आठव्या आठवड्यात जवळपासच्या गावांत गेली. पाचवी झोर्का. ती फिनलंडला जायची होती, तूलिक्की नावाच्या बाईकडे.

या तूलिक्कीने तीन वर्षांपूर्वी पहिलं पत्र पाठवलं होतं. त्यात सतरा प्रश्न होते. निवाच्या आईला काय झालं, तिच्या भावंडांत कुणाची वाढ खुंटली का, म्हातारपणी कुणाचे मागचे पाय गेले का, रक्ताच्या तपासण्यांचे कागद कुठे आहेत. वाव्रो वैतागला. "लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यानेपण इतकं विचारलं नव्हतं," म्हणाला, आणि पत्र फळीवर टाकून दिलं. सतरावा प्रश्न मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. 'आपल्या कुत्र्यांनी आजवर कोणकोणती वाईट कृत्ये केली आहेत?' असं त्या बाईने विचारलं होतं. चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लोक फोटो मागत, पदकं मागत. त्याने बसून चार पानं लिहिली. खाल्लेले सोफे, मारलेली शेजाऱ्याची बदकं, एका पाहुण्याचा फाडलेला अंगठा, कुंपण ओलांडून दोन दिवस हरवलेली त्याची लाडकी मादी. सगळं लिहिलं, आणि उत्तर येणार नाही असं धरून चालला.

उत्तर आलं. पाठोपाठ बाईच आली, एका उन्हाळ्यात आणि मग पुढच्याही. पियानोचे सूर लावणं हा तिचा धंदा. अंगाला लोकरीचा आणि लाकडाचा वास, बोलणं कमी. तिने आपल्या घरी दोन मीटर उंच कुंपण घातलं आणि जाळी जमिनीत हातभर पुरली. वाव्रोने फोटो मागितला तर ती स्वतः कुंपणाला टेकून उभी राहिली, उंची कळावी म्हणून. तिच्या देशातल्या दोन व्हल्चाकवाल्यांच्या घरी ती सुट्टीत राबून आली, आणि वर हे की ती स्लोव्हाक भाषा शिकली. लस आणि कागद पुरे होईतो पिल्लू पंधरा आठवडे ज्या भाषेत वाढणार ती भाषा आपल्याला यायला नको का, असं तिचं म्हणणं. पुस्तकातून शिकलेली ती भाषा ऐकून गावातल्या दारूच्या गुत्त्यावर लोक टोप्या काढून उभे राहत.

वाव्रोने शब्द दिला. त्याच्या आयुष्यात शब्द देणं हे लिहून देण्यापेक्षा मोठं होतं.

आता त्या घरच्या दोन रीती सांगायला हव्यात. दोन्ही वाव्रोच्या बायकोने, मार्गिताने, घातलेल्या. ती तीन हिवाळ्यांमागे गेली, पण रीती राहिल्या.

पहिली रीत स्वेटरची. दूर जाणाऱ्या पिल्लाच्या नव्या मालकाने आपलं वापरलेलं, न धुतलेलं एक कापड आधी पाठवायचं. मार्गिता ते अंगात घालायची आणि त्याच वेषात पिल्लाला भरवायची. गावची जनावरांची डॉक्टर क्वेता, तेव्हा नुकतीच शिकून आलेली, हसायची. "काकू, कुत्र्याचं नाक आहे ते! आत तुम्हीच आहात हे त्याला कळत नाही होय?"

"फसवतंय कोण गं?" मार्गिता म्हणायची. "मी ओळख करून देतेय. बघ बाळा, हिच्याकडे पण पोटभर मिळतं बरं."

दुसरी रीत होती, एका दिवशी एकच दुखणं. ज्या दिवशी सुई टोचली त्या दिवशी नखं कापायची नाहीत. ज्या दिवशी कानात आकडा गोंदवला त्या दिवशी दुसरं काही नाही. आजचं दुखणं झोपून विसरलं की मग उद्याचं. "दोन एकदम आली की पिल्लाला वाटतं, जगाची रीतच अशी," असं ती म्हणायची. तिने वाढवलेल्या पिल्लांत एकही भेदरट निघालं नव्हतं, त्यामुळे हे शास्त्र खरं की खोटं हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तूलिक्कीने हिरवं स्वेटर पाठवलं. वाव्रोने ते इमानाने घातलं. बाह्या कोपराच्या थोड्या खाली संपायच्या, पोटावर ताण यायचा, पण त्याने ते सहा आठवडे चालवलं. मग बाकीची चार पिल्लं गेली आणि अंगणात झोर्का एकटी राहिली. एका सकाळी थंडी जास्त होती म्हणून त्याने वरून आपला जुना खाकी कोट चढवला. झोर्का आली, कोटाच्या खिशात तोंड घातलं आणि तशीच उभ्या उभ्या झोपली. मार्गिता गेल्यापासून त्या घरात त्याच्या अंगाला कुणी असं टेकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्वेटर खुंटीवर राहिलं, तिसऱ्या दिवशी पेटीत गेलं, डांबराच्या गोळ्यांबरोबर.

आणि त्याने तिला नावाने हाक मारायला सुरुवात केली. धुक्यात ती दिसायची नाही. तो नुसतं "झोर्का" म्हणायचा, आणि पावलांचा आवाज न करता ती त्याच्या बुटांवर येऊन बसलेली असायची. आपण चोरी करतोय हे त्याला माहीत होतं. रोज सकाळी तो ती मजेत करत होता.

बारा आठवडे पुरे झाले त्या गुरुवारी क्वेता आली, रेबीजची लस आणि कातडीखाली बसवायची ओळखीची चिप घेऊन. आता ती चाळिशीची होती, तिच्या हाताखाली तीन गावं होती आणि गाडी चालूच ठेवून ती आत येत असे.

"दोन्ही आत्ताच उरकते काका, पाच मिनिटांत."

"एका दिवशी एकच."

"अहो, चिमटीएवढं पोर नाही ती! दहा किलोची धोंड झालीय."

"मार्गिता असती तर असं बोलली असतीस?"

क्वेताने हात टेकले. वाव्रोशी वाद घालण्यापेक्षा उद्या परत येणं सोपं होतं. तिने लस दिली, कारण ती थंड डब्यातून काढलेली होती. शुक्रवारी येऊन चिप बसवली. दोन्ही तारखा झोर्काच्या, परदेशी नेताना दाखवायच्या, पासपोर्टात सुवाच्य अक्षरात लिहिल्या, शिक्का मारला आणि पळाली. झोर्काने दोन्ही दिवशी हूं की चूं केलं नाही. वाव्रोला वाटलं, मार्गिता कुठेतरी बघत असेल तर खूश झाली असेल.

परदेशी नेण्याआधी लशीनंतर एकवीस दिवस थांबायचं होतं. विसाव्या दिवशी तूलिक्की आली. तीन दिवस गाडी हाकून आलेली, चिखलाने गाडीचा रंग कळत नव्हता. ती उतरली, वाव्रोला नुसती मान हलवली आणि अंगणात जाऊन झोर्काकडे पाठ करून ओल्या गवतावर बसली. तिला कळत होतं कसं बसायचं ते. पिल्लाकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, यायचं तेव्हा ते येईल.

झोर्का आली नाही. ती वाव्रोच्या कोटामागे गेली आणि तिथून हललीच नाही. निवा, तिची आई, उठून तूलिक्कीचा कान हुंगून आली, पण पिल्लू जागचं हललं नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. गवताचं पाणी तूलिक्कीच्या पँटीतून आत गेलं असणार.

"माझा गंध तिला अपरिचित वाटत आहे काय?" तिने मागे न बघता विचारलं.

"लाजरी आहे जरा," वाव्रो म्हणाला.

आत चुलीवर बटाट्याच्या पोळ्या होत्या, हंसाची चरबी लावलेल्या. तूलिक्कीने एक खाल्ली, बोटं नीट पुसली आणि पासपोर्ट मागितला. ती तो वाचत गेली आणि वाव्रो बघत राहिला. एकेक ओळीवर बोट ठेवायची, थांबायची, मग पुढे. एका ओळीवर बोट थांबलं ते उचललंच नाही.

"वाव्रोमहाशय, लस गुरुवारी दिली गेली. चिप शुक्रवारी."

"हो. एका दिवशी एकच."

"परंतु आधी चिप हवी. चिप नसताना लस कोणत्या पिल्लाला दिली, हे कागदाला कसे ठाऊक?" तिचा आवाज बारीक झाला. "ही लस धरली जाणार नाही."

फोन केल्यावर क्वेता दहा मिनिटांत आली, या वेळी गाडी बंद करून. पासपोर्ट बघितला आणि कपाळावर हात मारला. "शाळकरी पोराला येतं हे! मला कळायला हवं होतं." ती खुर्चीवर बसली, पुन्हा उठली. "हे बघा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. लस मी माझ्या हाताने दिलीय, चिप माझ्या हाताने बसवलीय. खोटं काय त्यात? नवा पासपोर्ट लिहिते, दोन्ही तारखा गुरुवारच्याच टाकते. कोण बघायला बसलंय?"

चुलीवर एक पोळी करपली. बाहेर धुक्यात निवा जांभई देत होती, तिचा आवाज आत आला.

वाव्रोने या घराच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, विशीत सीमेवरचा शिपाई म्हणून दिवस काढले होते. तेव्हा काठाने काटेरी तार होती आणि पलीकडे दुसरं जग होतं. त्याच्या एका हातात कुत्र्याची दोरी असायची, दुसऱ्या हाताने तो लोकांचे कागद बघायचा. एका बाईच्या कागदावर तारीख चुकली होती, फक्त एक. पलीकडे तिची बहीण मरणाला टेकली होती. त्याने तिला परत पाठवलं आणि त्या संध्याकाळी नेमकं काम केल्याबद्दल वरिष्ठाने त्याची पाठ थोपटली. पुढे तार गेली, नदी नुसती नदी झाली. ती बाई मात्र धुक्यातून अधूनमधून यायची, तोंडाने काही न बोलता कागद पुढे करायची.

"मी बघायचो," तो म्हणाला. "कोण बघायला बसलंय म्हणतेस ना, मी बसायचो बघायला."

"मला खोटा कागद नको," तूलिक्की म्हणाली. "तिच्या आयुष्यातला हा पहिला कागद आहे. परंतु मी एकवीस दिवस राहू शकत नाही. आमच्याकडे नाताळापूर्वी सर्व चर्चचे पियानो लावावे लागतात. लोक माझ्यावर विसंबून आहेत." ती थांबली. "आणि तेव्हा ती अठरा आठवड्यांची होईल. आजच ती माझ्याकडे पाहत नाही."

वाव्रोच्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण आलं ते आलं. त्याला आनंद झाला. अजून एकवीस सकाळी, एकवीस वेळा धुकं, बुटांवरचं ते ऊबदार वजन. कदाचित ही बाई कंटाळेल, कदाचित शब्द आपोआप सुटेल आणि झोर्का इथेच राहील. मग त्याला ती कागदवाली बाई आठवली आणि त्याचं तोंड उतरलं. आयुष्याच्या त्या टोकाला जे केलं तेच तो या टोकाला करत होता, त्याच नदीच्या काठी, आणि या वेळी त्याला कुणी हुकूमही दिला नव्हता.

तो उठला, पेटीतून हिरवं स्वेटर काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या खोलीत पसरला.

तूलिक्कीने स्वेटर नाकाशी नेलं. पिल्लाचा वास त्याला उरला नव्हता. बोलली तेव्हा पुस्तकातली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"कधीपासून?"

"सहा आठवडे."

"तुम्ही मला पत्रात लिहिलं, रोज घालतो म्हणून."

"लिहिलं."

"तुमच्या कुत्र्यांनी केलेलं सगळं वाईट चार पानं भरून लिहिलंत. तुम्ही केलेलं नाही लिहिलं ते?"

क्वेता खिडकीबाहेर बघायला लागली. वाव्रोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही. "ती माझ्या हाकेला येते," तो म्हणाला. "या घरात दुसरं कुणी येत नाही."

तूलिक्कीला त्याचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्हींचा तिला त्रास होत होता. ती बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. परत आली ती शहाण्या माणसासारखी, निर्णय घेऊन. तीन दिवसांच्या प्रवासात अंगावर असलेलं निळं स्वेटर तिने उतरवलं आणि त्याच्या हातात दिलं. मग पिशवीतून एक छोटा नादकाटा काढला, सूर लावायचा. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. बारीक, लांब, न संपणारा स्वर त्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि बाहेर झोर्काने कान टवकारले.

"जेवण देताना हा वाजवा. माझ्या घरी हा दिवसभर वाजतो. मी पुन्हा येईन तोवर तिला दोन गोष्टी कळू देत, हा वास आणि हा आवाज."

"आणि मी तिला हाक मारणार नाही," वाव्रो म्हणाला. हे तिने मागितलं नव्हतं. "एकवीस दिवस तोंडातून नाव काढणार नाही. दिला शब्द."

"मागचापण दिला होता."

"म्हणूनच हा देतोय."

त्याच दिवशी क्वेताने दुसऱ्यांदा लस टोचली. त्या दिवशी दुसरं काहीही केलं नाही. आपला खाकी कोट वाव्रोने क्वेताच्याच गाडीत टाकला, दवाखान्यात टांगून ठेव म्हणाला, घरात असला तर हात जाईल. तूलिक्की गेली. झोर्काने तिला स्पर्शही करू दिला नव्हता.

मग ते एकवीस दिवस सुरू झाले. पुढे त्याबद्दल विचारलं की वाव्रो म्हणायचा, मला नीट आठवत नाही, मी बहुतेक झोपेतच होतो. सकाळी धुक्यात तो निळं स्वेटर घालून अंगणात यायचा, नादकाटा गुडघ्यावर आपटायचा आणि थाळी ठेवायचा. स्वर धुक्यात शिरायचा आणि कुठेतरी आत फिरत राहायचा. झोर्का पहिले तीन दिवस लांब उभी राहिली. ती खुंटीवर कोट शोधायची, कोट नव्हता. हाकेसाठी कान लावायची, हाक नव्हती. तिच्या पिवळ्या डोळ्यांतला प्रश्न इतका सरळ होता की म्हाताऱ्याला मान वळवावी लागे.

चौथ्या दिवशी ती जेवली. सातव्या दिवशी नादकाट्याच्या आवाजावर पळत आली. संत मार्टिनच्या सणाला गावात हंस भाजले गेले तेव्हा वाव्रो तसाच गुत्त्यावर गेला, निळं स्वेटर, तोकड्या बाह्या आणि खिशात काटा. "काय रे वाव्रो," मालकीण म्हणाली, "बायकी कपड्यांत कुणाला भुलवायला निघालास?" सगळे खदखदून हसले. त्याने नुसती मान डोलावली. न बोलण्याची सवय लागत चालली होती. कुत्र्यांशी बोलायचं नाही म्हटल्यावर माणसांशी बोलण्यासारखं त्याच्याकडे फार काही उरत नव्हतं.

दुपारी अक्रोडाखाली तो पेंगायचा. स्वेटरचा वास नाकात असायचा, लोकर आणि लाकूड, कधी न पाहिलेलं एक घर. अर्धवट झोपेत त्याला ते घर दिसू लागलं. तळ्याकाठी होतं, सगळीकडे बर्फ आणि प्रत्येक खोलीत उघडा पियानो. मार्गिता तिथे होती. तिच्या अंगात कुणाचं तरी स्वेटर होतं, आणि ती म्हणत होती, फसवतंय कोण, मी ओळख करून देतेय. त्याला जाग यायची तेव्हा मांडीवर डोकं ठेवून झोर्का झोपलेली असायची, आणि ती कुणाच्या मांडीवर झोपली आहे, त्याच्या की त्या बाईच्या, हे त्याला खरोखरच सांगता येत नसे. ते तसं बरंही वाटे.

नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला चिखलाने भरलेली गाडी पुन्हा फाटकाशी लागली. फिनलंडमध्ये शिरण्याआधी जंताची गोळी डॉक्टरच्या हातून द्यावी लागते, म्हणून क्वेता आलीच होती. येताना तिने खाकी कोट आणला. तिने गोळी दिली, तारीख आणि वेळ लिहिली. या वेळी तारखा तिघांनीही वाचल्या, दोनदा.

"म्हणजे आत्ताच निघू शकतेस," क्वेता म्हणाली.

"उद्या," वाव्रो म्हणाला.

"अहो काका, गोळी हे काय दुखणं झालं?"

"ओठ उचकटून घशात बोट घातलंस ना? झालं तर. जाणं हे उद्याचं."

तूलिक्कीने वाद घातला नाही. ती गुत्त्यावरच्या खोलीत मुक्कामाला राहिली. दुसऱ्या सकाळी धुकं असं होतं की फाटकातून रस्ता दिसत नव्हता. निळं स्वेटर आता तिच्या अंगात होतं आणि वाव्रो आपल्या खाकी कोटात अक्रोडाखाली उभा होता. हे त्यानेच ठरवलं होतं. लपून बसलो तर ती निवड कसली, असं तो म्हणाला होता.

तूलिक्की फाटकाशी गुडघ्यावर बसली. काटा आपटला. तो स्वर निघाला, बारीक आणि लांब.

झोर्का झाडामागून बाहेर आली. अंगणाच्या मधोमध थांबली. एका बाजूला निळं स्वेटर होतं आणि तो आवाज होता. दुसऱ्या बाजूला तो कोट होता, ज्याच्या खिशात तोंड घालून ती कितीदा झोपली होती. तिने मान वळवून वाव्रोकडे पाहिलं. ती त्याला ओळखत होती, त्यात काही शंका नव्हती. शेपटी एकदा हलली. ती वाट बघत होती. एक शब्द हवा होता तिला, तिचा स्वतःचा, आणि तो शब्द त्याच्या जिभेवर होता.

वाव्रोने दात आवळले. स्वर विरत विरत पार बारीक झाला. क्वेताने त्याचा कोपर धरला होता, तो कधी धरला हे त्याला कळलं नाही.

झोर्काने नाक वर केलं, हवेत हुंगलं आणि वळली. ती तूलिक्कीपाशी गेली, स्वेटरच्या बाहीवर नाक ठेवलं, मग हळूच तिच्या बुटांवर बूड टेकून बसली. तूलिक्की हलली नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"तुमची एखादी वस्तू देता का?" गाडीत पिल्लाला ठेवल्यावर तिने विचारलं. "वाटेत तिच्याजवळ ठेवायला."

वाव्रोने मान हलवली, नाही. निवाच्या अंथरुणातलं एक फडकं दिलं, आईचा वास राहू दे म्हणून. तूलिक्कीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. ती काहीतरी पुस्तकी, लांबलचक बोलायला गेली आणि तिला एकही शब्द आठवला नाही.

गाडी गेली. धुक्याने ती लगेच गिळली, नुसता आवाज राहिला. पुलाच्या फळ्या खडखडल्या तो आवाज आला आणि मग तोही नाही. क्वेता थोडा वेळ थांबली, काका चहा करू का म्हणाली, त्याने नको म्हणून हात हलवला तशी निघून गेली. एव्हाना गाडी पुढच्या गावापलीकडे गेली असणार, काचा बंद, गरम हवा चालू. लांडग्याच्या कानांनाही आता इथलं काही ऐकू जाणार नव्हतं.

वाव्रोने कोटाची बटणं लावली, अंगणाच्या मधोमध गेला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नावाने हाक मारायला तोंड उघडलं.

"झोर्का!"

आवाज फाटका निघाला. त्याने घसा साफ केला आणि पुन्हा मारली हाक, चांगली मोठ्याने, नदीपर्यंत जाईल अशी.

अक्रोडाखाली निवा उठली. नाव तिचं नव्हतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी ती आली, आणि त्याच्या बुटांवर बूड टेकून बसली.